घर बंद करून बोटीत: मोटरहोम घेऊन इंग्लंडहून स्पेनला पहिल्यांदा जाताना

गावाला निघताना कुलूप लावायच्या आधी आई घरभर एकदा फिरून यायची. गॅसचा रेग्युलेटर बंद, नळ बंद, खिडक्यांच्या कड्या, रिकामा फ्रीज, उरलेलं दूध शेजारच्या काकूंकडे. इंग्लंडहून स्पेनला बोटीने मोटरहोम (आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) न्यायचं तर अगदी हेच करायचं असतं. गाडी बोटीच्या पोटात लावून तुम्ही जिना चढलात की ते घर तुम्हाला बंद. गाड्यांच्या डेकला, म्हणजे बोटीतल्या त्या मजल्याला, प्रवासभर कुलूप असतं. ‘आईंची गोळी खाली राहिली’ म्हणून उतरू देत नाहीत, आणि या मार्गावर गाडीत झोपूही देत नाहीत. एकदीड तासाच्या डोव्हर-कॅले फेरीत हे जाणवत नाही. एक अख्खा दिवस आणि रात्र समुद्रावर काढायची असेल तेव्हा मात्र तयारीतली प्रत्येक चूक अंगावर येते.

ब्रिटनमधली बरीच मराठी कुटुंबं आता मोटरहोम घेतात किंवा भाड्याने आणतात. पहिल्या लांब फेरीआधी त्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

मार्ग आणि दिवस

ब्रिटनी फेरीज या कंपनीच्या बोटी इंग्लंडच्या पोर्ट्समथहून स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सांतांदेर आणि बिल्बाओला जातात, आणि हंगामात प्लिमथहून सांतांदेरला. पोर्ट्समथहून साधारण २८ ते ३३ तास लागतात, प्लिमथहून वीसेक तास. त्याऐवजी कॅलेला उतरून फ्रान्समधून गाडी हाकली तर सांतांदेरपर्यंत बाराशे-तेराशे किलोमीटर होतात. डिझेल, फ्रान्सचे टोल, वाटेतले दोन मुक्काम आणि चालवणाऱ्याची पाठ, सगळं धरलं तर बोटीचं तिकीट वाटतं तितकं महाग पडत नाही. लहान मुलं किंवा सत्तरीचे आईवडील बरोबर असतील तर मी डोळे झाकून बोट घेईन.

पहिल्या खेपेला मे ते सप्टेंबरमधलेच दिवस धरा. बोट उत्तरेकडून दक्षिणेकडे बिस्केचा उपसागर ओलांडते आणि अटलांटिकची मोठी लाट येते पश्चिमेकडून. म्हणजे लाट बोटीच्या कुशीवर बसते आणि बोट डावी-उजवीकडे डुलते. शरद आणि हिवाळ्यात हे डुलणं चांगलंच वाढतं, वेळापत्रकही बदलतं. त्यामुळे पलीकडच्या पहिल्या रात्रीचं कॅम्पसाइट घ्याल ते पैसे परत मिळतील असंच घ्या.

गाडी मोजा, टेप लावून

बुकिंग करताना गाडीची लांबी आणि उंची विचारतात. तिकिटाचा दर लांबीवर ठरतो आणि कोणत्या डेकवर लावायचं ते उंचीवर. कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा लिहू नका. पुस्तिका छापली तेव्हा तुमच्या गाडीवर सायकलींचा रॅक नव्हता, छतावर सोलर पॅनल आणि डिशही नव्हती.

आमच्या पहिल्या खेपेला मी पुस्तिकेतलीच लांबी लिहिली. मागे दोन सायकली टांगलेल्या होत्या. बंदरावरच्या माणसाने खिडकीतून एकदा मागे पाहिलं आणि शांतपणे फरकाची रक्कम सांगितली. त्याचं काहीच चुकलं नव्हतं, पण तेवढे पैसे त्या सकाळी खिशाला लागलेच. तेव्हापासून सायकली लावून, पायरी आत घेऊन, टेप धरून मोजतो. उंची छतावरच्या सगळ्यात उंच वस्तूपर्यंत घेतो आणि दोन्ही आकडे चालकाच्या समोरच्या सन-व्हायझरमागे चिकटवून ठेवतो. स्पेनमधल्या बुटक्या पुलाखाली शिरायच्या आधीही तेच उपयोगी पडतात.

वजनाचंही बघा. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ नंतर कारची परीक्षा दिलेल्यांना साध्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. आपल्यातले बहुतेक जण त्याच गटात येतात. पाण्याची शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो तिथेच गेले. त्यात तांदूळ, डाळ, कुकर, सायकली आणि पाच माणसं. निघण्यापूर्वी एकदा वजनकाट्यावर गाडी घालून या. टाकी पाव भरली तरी पुरते, पाणी सांतांदेरला मिळतं.

केबिन

तीस तास खुर्चीत काढायचे नसतात, केबिन घ्याच. शक्यतो बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावरची घ्या. झोपाळ्यावर कडेला बसलेल्याला जास्त झोका बसतो, तसंच टोकाच्या आणि वरच्या केबिनमध्ये हेलकावा जास्त लागतो. खिडकी नसली तरी बिघडत नाही, तिथे झोपायचंच असतं. घरात कोणाचे गुडघे दुखत असतील तर ‘लिफ्टजवळ गाडी लावायची आहे’ हे बुकिंगच्या वेळीच कळवा आणि बंदरावर पोचल्यावर पुन्हा सांगा. गाड्या आत घ्यायला लागल्यावर सांगून उपयोग नसतो, तोवर रांगांचा क्रम ठरलेला असतो.

कागद

भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) लागतो, आणि मुख्य मुक्काम स्पेनमध्ये असेल तर तो स्पेनकडूनच घ्यावा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं कठीण जातं, म्हणून बोटीचं बुकिंग करण्याआधी व्हिसाच्या तारखा बघा. दुसरी गोष्ट लोक विसरतात ती परतीची: मधल्या काळात पासपोर्ट नवा काढला असेल तर ब्रिटनच्या ई-व्हिसा खात्यात त्याचा नंबर बदलून घ्या. नाहीतर परतीच्या बोटीवर चढताना अडकायला होतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर फोटो-बोटांच्या ठशांची नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. ती ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना लागू आहे आणि आपल्यालाही, त्यामुळे रांगेत जास्तीचा वेळ धरा.

गाडीचं नोंदणीपत्र मूळ न्या, झेरॉक्स नको. भाड्याची गाडी असेल तर मालकाचं परदेशात नेण्याचं परवानगीपत्र, विमा, ब्रेकडाऊन कव्हर. स्पेनमध्ये नंबरप्लेटवर ‘यूके’ असलं तरी मागे वेगळं ‘यूके’ स्टिकर लावावंच लागतं. आणि हेडलाइटवरच्या पट्ट्या. पलीकडे उजव्या बाजूने चालवायचं असतं, तेव्हा आपले दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

कुत्रा-मांजर न्यायचं असेल तर ती वेगळीच तयारी आहे. युरोपात शिरायच्या आधीच्या दहा दिवसांत व्हेटकडून आरोग्य प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि कुत्रा असेल तर परतताना जंतांचं औषध, तेही ब्रिटनला पोचण्याच्या २४ ते १२० तास आधी. प्राणी चालतील अशा केबिन मोजक्याच असतात आणि लवकर संपतात.

स्वयंपाकघर: काय न्यायचं, काय घरी संपवायचं

यात मराठी घरांची सगळ्यात जास्त अडचण होते, म्हणून जरा थांबून लिहितो.

१ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे दूध, दही, पनीर, चीज, श्रीखंड आणि कढवलेल्या तुपाची बरणीसुद्धा. ‘घरच्यासाठी थोडंसं आहे’ हे चालत नाही. बाळाच्या दुधाच्या पावडरीला मर्यादित सूट आहे, पण डबा कंपनीचा सीलबंद हवा, वापरात असलेलाच तेवढा उघडा चालतो.

भाज्या-फळांनाही रोपांच्या रोगांमुळे बंधन आहे. ताज्या फळांपैकी पाचच बिनकागदाची चालतात: केळी, नारळ, खजूर, अननस आणि दुरियन. म्हणजे नारळ खुशाल न्या, पण ताजा कढीपत्ता नाही. कांदे, बटाटे, टोमॅटो, कोथिंबीर हे सगळं सांतांदेरच्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं, आणि टोमॅटो तर इंग्लंडपेक्षा कितीतरी चवदार.

मग न्यायचं काय? पोहे, साबुदाणा, थालिपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, शेंगदाण्याचं कूट, कोकम, डाळी, तांदूळ. हे कोरडं सामान वजनाला हलकं नाही, पण बिनघोर आहे. तुपातले लाडू मात्र मी नेत नाही, सीमेवर उभं राहून बेसनाच्या लाडवात काय काय असतं ते समजावत बसायचं नाही.

शिदोरीचा नियम साधा: जी बोटीवर संपणार तीच बांधायची. आमच्याकडे दशम्या आणि लसणाची चटणी असते. दशम्यांची कणीक दुधात भिजवलेली, म्हणून त्या उतरण्याच्या सकाळपर्यंत संपवतो आणि उरलेला तुकडाही बोटीवरच्याच कचरापेटीत जातो. बोटीवर उपाहारगृह असतं, शाकाहारी काही ना काही मिळतं, पण तीस तासांत चार वेळा तेच खाऊन मुलं कंटाळतात.

फ्रीज

मोटरहोममधला फ्रीज बहुधा तीन तऱ्हांनी चालतो: गॅसवर, घरच्या विजेवर आणि इंजिन चालू असताना गाडीच्या बॅटरीवर. बोटीत गॅस बंद, इंजिन बंद आणि या मार्गावर विजेची जोडणी नाही. म्हणजे फ्रीज बंदच. निघायच्या आदल्या दिवशी घरच्या विजेवर तो पूर्ण गार करून घ्या, बाटल्यांमध्ये पाणी भरून घरच्या फ्रीजरमध्ये गोठवा आणि रिकाम्या जागेत ठासून ठेवा. दार न उघडता गारवा बराच टिकतो. बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रीज असेल तर तो चालू ठेवता येतो, पण बॅटरी जुनी असेल तर तो तिला रिकामी करील.

इन्सुलिन किंवा थंडाव्यात ठेवायचं औषध गाडीच्या फ्रीजमध्ये राहू देऊ नका. छोट्या थर्मल पिशवीत घालून वर केबिनमध्ये घ्या आणि फ्रीज असलेली केबिन मिळते का ते बुकिंग करतानाच विचारा.

कपाटं बाजूला उघडतात

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रस्त्यावर गाडी ब्रेक मारते तेव्हा वस्तू पुढे ढकलल्या जातात, आणि गाडीतली आपली सगळी मांडणी त्या धक्क्याला सरावलेली असते. बोटीत गाडी बोटीच्या लांबीला समांतर उभी असते आणि बोट डुलते आडवी. दोन्ही भिंतींवरची कपाटं मधल्या बोळाकडे उघडतात. म्हणजे जे दार हजार मैलांत कधी उघडलं नाही, ते बिस्केमध्ये नेमकं उघडतं.

दुसऱ्या खेपेला आम्ही खाली उतरून दार उघडलं तर बोळात मसाल्याचा डबा पालथा पडला होता. हळदीच्या वाटीने आख्खी चादर पिवळी केली होती आणि मोहरीचे दाणे पुढे महिनाभर कुठे कुठे सापडत राहिले. आता मसाल्याच्या डब्याला रबरबँड, वर फडकं, आणि तो कपाटात नाही, जमिनीलगतच्या खणात. जड ते खाली, काचेचं टॉवेलात गुंडाळून, मायक्रोवेव्हची काचेची थाळी काढून गादीखाली. फ्रीजच्या दाराचा खटका लागलाय ना ते बोटाने ढकलून बघा. टीव्हीचा हात आणि शॉवरचं दार, दोन्ही अडकवा. सांडपाण्याची टाकी आणि टॉयलेटची कॅसेट (मैल्याची सुटी टाकी) घरूनच रिकामी करून या. अर्धी भरलेली टाकी हिंदकळते आणि मग वास येतो.

रांगेत उभं असताना

पोर्ट्समथचं बंदर एम २७५ रस्ता संपतो तिथेच आहे, चुकण्यासारखं नाही. तिकिटावर दिलेल्या चेक-इनच्या शेवटच्या वेळेच्या तासभर आधी पोचा. सुट्या डब्यांत डिझेल-पेट्रोल ठेवू नका. गॅस सिलिंडर किती नेता येतात आणि विजेच्या सायकलींच्या बॅटरीला काय नियम आहे, हे आपल्या तिकिटाच्या अटींमध्ये वाचून या. सिलिंडरबद्दल कधी कधी तिथे विचारतात, क्वचित उघडूनही बघतात.

रांगेत थांबलेलं असताना आईची ती फेरी मारायची. माझा क्रम ठरलेला आहे. आधी सिलिंडरच्या कप्प्यात हात घालून मुख्य कॉक बंद करायचा. आतली चुलीची बटणं बंद असणं पुरेसं नाही, सिलिंडरवरचाच बंद हवा. मग पाण्याच्या पंपाचं बटण, छताच्या खिडक्या, बाजूच्या खिडक्यांच्या कड्या, बाहेरची पायरी आत. शेवटी वर न्यायची पिशवी दाराशी. चहा प्यावासा वाटेल, पण तो थर्मासातला, रांगेत चूल पेटवायची नाही.

त्या पिशवीत एका रात्रीचे कपडे, सगळी औषधं, पासपोर्ट, चार्जर, युरोपचा प्लग लागेल असा अडॅप्टर, स्वेटर किंवा विंडचीटर (उघड्या डेकवर जूनमध्येही बोचरा वारा असतो), मुलांचे पत्ते आणि शिदोरी. चाकांची मोठी बॅग नको, जिने अरुंद आणि उभे असतात.

रॅम्प आणि डेक

दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीत गाडी चढवली असेल तर तुम्हाला यातलं निम्मं येतंच. तिथेही खलाशी हाताने बोलावतो आणि आपण त्याच्याच हाताकडे बघायचं असतं. इथे फक्त सगळं मोठं आणि आवाजी आहे: ओलं लोखंड, ट्रकच्या धुराचा वास, प्रत्येक गाडी रॅम्पच्या सांध्यावरून गेली की होणारा धडाड आवाज.

लांब शेपटीच्या गाड्यांचा मागचा भाग रॅम्पच्या खाचेत घासतो. ओहोटीला रॅम्प जास्त तिरका होतो, तेव्हा धोका अधिक. पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने, मधे न थांबता चढा. पुढची गाडी रॅम्पवरून पूर्ण आत गेल्याशिवाय तुमची चाकं त्यावर घालू नका. आत गेल्यावर दोन माणसं वेगवेगळे हात करताना दिसली तर तुमच्या समोर जो सगळ्यात जवळ आहे त्याचंच बघायचं. इतकं जवळ लावायला सांगतात की पुढच्या गाडीला आपण टेकणार असं वाटतं. टेकत नाही, त्यांचं ते रोजचं काम आहे. आरसे मिटवायला सांगतील ते गाडी थांबल्यावर.

मग हँडब्रेक पूर्ण ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा (ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये). अलार्म असेल तर आतली हालचाल ओळखणारा सेन्सर बंद करा, नाहीतर बोट डुलली की तो रात्रभर ओरडतो आणि सकाळी बॅटरी मेलेली. हे कसं करायचं ते घरी शिकून या, मॅन्युअल डेकवर वाचत बसायला वेळ नसतो. डेकचा नंबर आणि जिन्याची खूण यांचा मोबाइलवर फोटो काढा. उतरायच्या वेळी चार मजले आणि शेकडो माणसं असतात, तेव्हा आठवणीवर विसंबू नका.

बोट लागू नये म्हणून

मराठीत ‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोग आहे, तो भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आगबोटीने जाणाऱ्यांच्या अनुभवाचा आहे. त्यांचे उपायही अजून चालतात: आलेपाक, आवळासुपारी, थोडं कोरडं खाऊन पोट अर्धं भरलेलं ठेवणं, आणि उघड्यावर उभं राहून क्षितिजाकडे बघणं. केबिनमध्ये बसून मोबाइलमध्ये डोकं घालणं सगळ्यात वाईट. डोळे म्हणतात आपण स्थिर आहोत, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो हलतो आहोत, आणि त्या भांडणातून मळमळ सुरू होते. उभं राहवत नसेल तर डोळे मिटून आडवं व्हा. केमिस्टकडे गोळ्या मिळतात, पण त्या मळमळ सुरू व्हायच्या आधी, पाकिटावर दिलेल्या वेळी घ्यायच्या असतात. गरोदर बाई, लहान मुलं आणि रक्तदाब-मधुमेहाची औषधं घेणारे यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

आणि हवा बरी असेल तर कृपा करून केबिनमध्ये बसून राहू नका. बिस्केमध्ये समुद्राचा तळ दोनेकशे मीटरवरून एकदम चार हजार मीटरच्याही खाली जातो. या उताराच्या पट्ट्यात खाद्य वर येतं आणि त्यामागे देवमासे येतात. फिन व्हेल हा जगातला दुसरा सर्वात मोठा प्राणी इथे दिसतो, डॉल्फिनचे थवे तर बऱ्याचदा. माझ्या आईने वयाच्या बहात्तराव्या वर्षी रेलिंगला धरून, तोंडात आलेपाकाची वडी ठेवून, पाण्यातून उठलेला तो वाफेचा उंच फवारा पाहिला. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, “श्वास घेतला गं बाई त्याने.”

गाडीत झोपायचंच असेल तर

काहींना केबिन नकोच असते. त्यांच्यासाठी इटली-ग्रीस मार्ग आहे. आँकोना किंवा बारीहून इगुमेनित्सा-पात्राला जाणाऱ्या काही बोटींवर साधारण एप्रिल ते ऑक्टोबर ‘कॅम्पिंग ऑन बोर्ड’ची सोय असते: गाडी अर्धवट उघड्या डेकवर, विजेची जोडणी, आणि आपल्याच गादीवर झोप. जागा मोजक्या असल्याने बुकिंग करतानाच हा प्रकार निवडावा लागतो. गॅस मात्र तिथेही बंदच.

उतरताना

स्पेनचं घड्याळ ब्रिटनच्या एक तास पुढे असतं, ते रात्रीच लावून ठेवा. डेक उघडल्याची घोषणा झाल्यावरच खाली जा आणि पुढची गाडी हलेपर्यंत इंजिन सुरू करू नका, बंद जागेत धूर साचतो. सांतांदेरचं बंदर शहराच्या अगदी मध्यात आहे. फाटकाबाहेर पडताच उजव्या बाजूची वाहतूक आणि उलट दिशेचे राउंडअबाउट लागतात. शेजारी बसणाऱ्याने पहिला अर्धा तास फक्त ‘उजवीकडे, उजवीकडे’ म्हणत राहावं, आमच्याकडे ते काम मुलीचं आहे. पहिली मोकळी जागा मिळाली की थांबून सिलिंडर उघडा, फ्रीज सुरू करा, खाली काय पडलंय ते पाहा. रात्रीसाठी लगेच दूर पळू नका. काबार्सेनो निसर्ग उद्यानाजवळ मोटरहोमना थांबायची जागा आहे, शहरापासून अर्ध्या तासाच्या आत.

परतीसाठी एकच गोष्ट वेगळी. एप्रिल २०२५ पासून ब्रिटननेही युरोपमधून घरच्यासाठी मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी घातली, जनावरांच्या लाळ्या-खुरकुत रोगामुळे. सुपरमार्केटातलं सीलबंद चीजसुद्धा यात येतं. तेव्हा बोटीच्या आदल्या संध्याकाळी सगळा फ्रीज टेबलावर काढा आणि कांतब्रियाचं (सांतांदेर ज्या प्रांतात आहे तिथलं) उरलेलं चीज पावाबरोबर तिथेच संपवा.